माळ्यावर ठेवलेली रॅम पावसाळ्यानंतर चालेल का? कॉम्प्युटरचे सुटे भाग घरात सुरक्षित ठेवायचे कसे?

जुना कॉम्प्युटर बदलला की घरात एक खोका तयार होतो. त्यात एक-दोन रॅम, जुना मदरबोर्ड, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला एसएमपीएस, वायरींचा गुंता, बंद पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी आणि ज्यात नेमकं काय आहे हे कुणालाच आठवत नाही अशी एक हार्ड डिस्क असते. हा खोका माळ्यावर जातो, नाहीतर बेडच्या बॉक्समध्ये.

दोन पावसाळे गेल्यावर गरज पडते. खोका खाली येतो, रॅम लावली जाते आणि स्क्रीन काळीच राहते.

आधी नीट चालत असलेला भाग नुसता पडून राहून खराब कसा झाला? नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात याचं उत्तर बहुतेक वेळा हवेत सापडतं.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का?

याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेकांना मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलावे लागले आणि जुने, पण चालू स्थितीतले भाग घरात उरले.

दुसरं कारण रॅमची किंमत. २०२५ च्या उत्तरार्धापासून जगभर मेमरी चिप महागल्या. एआयच्या सर्व्हरना लागणारी मेमरी बनवण्याकडे कंपन्यांनी आपली क्षमता वळवली. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणजे कालपर्यंत ड्रॉवरमध्ये लोळणाऱ्या डीडीआर४ रॅमला आज पुन्हा भाव आहे. घरातला दुसरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा असो किंवा लॅमिंग्टन रोडवर जाऊन विकायची असो, ती चालू स्थितीत असणं ही आता पैशांची बाब आहे.

नवी मुंबईच्या हवेत असं काय आहे?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या मिठागरांच्या, भातखाचरांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. एका बाजूला ठाणे खाडी, दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी आणि मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एमआयडीसी पट्टा. इलेक्ट्रॉनिक्सला नको असलेल्या तीन गोष्टी इथे एकत्र येतात.

पहिली आर्द्रता. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते.

दुसरं मीठ. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासोबत क्षारांचे सूक्ष्म कण येतात आणि धुळीत मिसळून सर्किटवर बसतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. हीच क्रिया मदरबोर्डवरच्या धुळीत होते. कोरडी धूळ फारशी त्रास देत नाही. ओली, खारट धूळ मात्र वीज वाहून नेते.

तिसरी गोष्ट गंधक. ओहोटीच्या वेळी खाडीजवळून जाताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. चिखलात ऑक्सिजनशिवाय कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा हा हायड्रोजन सल्फाइड वायू. गटारं आणि नाल्यांमधूनही तो निघतो. देवघरातली चांदीची भांडी आणि पैंजण काळे पडतात, ते अशाच गंधकयुक्त वायूंमुळे. कॉम्प्युटरच्या बोर्डवरही तांबं असतं आणि काही सुट्या घटकांच्या टोकांना चांदी असते. तीही तशीच काळी पडते.

हा केवळ अंदाज नाही. २०१३ मध्ये इंटेलच्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की भारत आणि चीनमधून परत आलेल्या खराब मदरबोर्डवर तांब्याची सर्किटं गंजलेली आढळत होती आणि त्यामागे हवेतलं गंधक होतं.

पण रॅमला तर सोन्याचा मुलामा असतो ना?

असतो. सोनं गंजत नाही हेही खरं. पण हा मुलामा अतिशय पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्या छिद्रांतून ओल आणि वायू खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत पोहोचतात. गंज खालून वर येतो आणि पट्ट्यांवर डाग दिसू लागतात.

दिलासा एवढाच की रॅमच्या बाबतीत हा थर बऱ्याचदा वरवरचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या की अनेकदा रॅम पुन्हा चालू होते. मदरबोर्डच्या आतल्या थरांत शिरलेला गंज मात्र पुसता येत नाही.

डेटा सेंटरला जी काळजी, तीच घराला

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणि पनवेलजवळ देशातली काही मोठी डेटा सेंटर्स आहेत. त्यांच्या आत जे सर्व्हर आहेत, त्यांत आपल्या घरातल्यासारखेच मदरबोर्ड, रॅम आणि डिस्क असतात. बाहेरची हवाही तीच.

फरक आतल्या हवेत आहे. अ‍ॅशरे या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा ठिकाणी सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी, असं सुचवलं जातं. हवेत गंजवणारे वायू किती आहेत हे मोजण्यासाठी तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी महिनाभर ठेवतात. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तर हवा सौम्य मानली जाते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. इतक्या बारीक थराचीही तिथे नोंद ठेवली जाते.

घरात एवढी यंत्रणा लागत नाही, कारण आपल्याला अख्खी खोली सांभाळायची नसते. एका डब्यातली हवा कोरडी ठेवली तरी काम होतं.

आधी ठरवा, काय ठेवायचं?

सगळंच जपायला गेलं की काहीच नीट जपलं जात नाही. एक साधा प्रश्न विचारा: हा भाग घरातल्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या एखाद्या चालू कॉम्प्युटरला बसतो का?

डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपला लागत नाही. कॅपॅसिटर फुगलेला बोर्ड, जळका वास येणारा एसएमपीएस, तुटलेल्या पिनांचा प्रोसेसर हे 'स्पेअर' नाहीत. ते ई-कचऱ्यात जायला हवेत.

ठेवण्यासारख्या गोष्टी म्हणजे चालू रॅम, एसएसडी, बऱ्या स्थितीतला एसएमपीएस, साटा केबल, साधं ग्राफिक्स कार्ड आणि एक जास्तीचा कीबोर्ड-माउस.

आत ठेवण्याआधी प्रत्येक भाग एकदा चालवून बघा. मग कागदी टेपवर तीन गोष्टी लिहा: कशातून काढला, कधी काढला आणि चालू आहे की शंका आहे. दोन वर्षांनी ही चिठ्ठीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि भागावरचा कंपनीचा स्टिकर काढू नका, कारण वॉरंटीसाठी दोन्ही लागतात.

एसएमपीएसच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात, त्या त्याच्याच पिशवीत ठेवा. दोन कंपन्यांच्या वायरी दिसायला सारख्या असतात, प्लगही बसतो, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. चुकीची वायर लावली तर डिस्क किंवा मदरबोर्ड क्षणात जळू शकतो. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर धक्का देऊ शकतात.

चंदेरी पिशवी की गुलाबी पिशवी?

ओलीइतकाच दुसरा धोका स्थिर विजेचा. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज. माणसाला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आतही खराब होऊ शकते. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही, तरी नुकसान झालेलं असू शकतं.

चंदेरी, आरपार धूसर दिसणाऱ्या पिशवीत धातूचा पातळ थर असतो. ती बाहेरून येणारा झटका अडवते. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, पण बाहेरचा झटका अडवू शकत नाही. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्ड यांसाठी चंदेरी पिशवीच घ्या. ती फाटली किंवा खूप चुरगळली असेल तर बदला.

भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि भाग कडेनेच धरा.

काय वापरू नये?

थर्माकोल नको, तो घासला की स्थिर वीज तयार होते.

वर्तमानपत्र नको, कागद ओल धरून ठेवतो.

रबर बँड नको. रबर बनवताना त्यात गंधक वापरतात आणि ते शेजारच्या चांदीला, तांब्याला काळं करतं. शिवाय उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं ते वेगळंच.

डांबर गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. झुरळं आणि पाली दूर ठेवायला घट्ट झाकणाचा डबा पुरेसा आहे.

तांदूळ तर अजिबात नको. तो ओल फार कमी शोषतो, पण पीठ आणि किडे मात्र डब्यात नेतो.

सिलिका जेलची पुडी खरंच उपयोगी आहे का?

आहे, पण बहुतेक घरांत ती चुकीच्या पद्धतीने वापरली जाते.

सिलिका जेल जास्तीत जास्त आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी धरतं. त्यानंतर ते नुसते खडे असतात. बुटांच्या खोक्यातून निघालेली आणि सहा महिने टेबलावर पडून राहिलेली पुडी आधीच भरलेली असते. ती डब्यात टाकून काहीच होत नाही.

म्हणून रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी दाणे ओल भरली की हिरवे होतात, निळे दाणे गुलाबी होतात. हे दाणे साधारण १२० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. ते खाण्याच्या ओव्हनमध्ये तापवू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दुसरी अट डब्याची. झाकणाला रबरी किंवा सिलिकॉनची कड असलेला, हवाबंद डबा हवा. उघड्या कपाटात जेल ठेवणं म्हणजे सगळ्या खोलीतली ओल शोषायला सांगणं. कोकणात आणि मुंबईत कॅमेऱ्याच्या लेन्सना बुरशी लागू नये म्हणून फोटोग्राफर हीच युक्ती वापरतात. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाकला तर अंदाजाने काम करावं लागत नाही. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की झालं.

तिसरी गोष्ट वेळेची. जुलैमध्ये डबा बंद केला तर जुलैची ओलही आतच बंद होते. डबा भरायला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातच भरायचा असेल तर एसी दोन तास चालवून, त्याच खोलीत भरा.

डबा घरात कुठे ठेवायचा?

स्वयंपाकघराचा माळा टाळा. तिथे उष्णता, वाफ आणि तेलकट थर असतो. बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीही नको. पावसाची झोड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि बाथरूमची सामाईक भिंतही टाळा. टेरेसखालच्या मजल्यावर राहत असाल तर गळती होणाऱ्या स्लॅबखालचा माळा नको.

तळमजल्यावर असाल तर डबा जमिनीवर ठेवू नका. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणूनच सिडकोने इथे पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, हे या भागातले लोक विसरलेले नाहीत.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे बेडरूममधल्या आतल्या भिंतीच्या कपाटाचा मधला कप्पा.

या डब्यात बॅटरी नको

सुटा भाग खराब झाला तर पैसे जातात. बॅटरी खराब झाली तर घराला आग लागू शकते. म्हणून बॅटरीचा हिशोब वेगळा ठेवा.

लॅपटॉपची लिथियम बॅटरी ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका. ४० ते ६० टक्के चार्ज योग्य. काही महिन्यांनी तपासा. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि किल्ल्या, नाणी, स्क्रू यांच्यासोबत ड्रॉवरमध्ये टाकू नका. धातू टोकांना लागला की शॉर्ट सर्किट होतं.

बॅटरी फुगली असेल तर ती 'स्पेअर' राहिलेली नाही. आतलं रसायन विघटित होऊन वायू साठलेला असतो. ती दाबू नका, टोचू नका, 'एकदा चालते का बघू' म्हणून चार्जिंगला लावू नका. पडदे, गाद्या आणि उन्हापासून दूर, सैल झाकणाच्या धातूच्या डब्यात वाळूवर ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा संकलन केंद्राला द्या. जुन्या पॉवर बँकलाही हेच लागू आहे.

यूपीएसची लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती पडून राहिली तर तीन ते सहा महिन्यांत चार्ज करावी लागते, नाहीतर ती कायमची निकामी होते.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरीही काढून ठेवा. चंदेरी पिशवीत बोर्ड ठेवताना तिची वीज उगाच वाहू नये, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे. लहान मुलाने ही बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. असं झालं तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

डिस्कमध्ये फोटो आहेत, मग?

अनेक घरांत जुन्या एसएसडीतच लग्नाचे आणि बारशाचे फोटो राहिलेले असतात. इथे एक गैरसमज आहे. एसएसडी वीज नसताना माहिती कायमची धरून ठेवत नाही. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात किमान एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकवते. पण तापमान वाढलं की मुदत कमी होते आणि मे महिन्यातला माळा काही ३० अंशांवर थांबत नाही.

म्हणून डिस्क 'जपून ठेवणं' म्हणजे बॅकअप नव्हे. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही सहा महिन्यांतून एकदा जोडून चालवून बघा.

डिस्क विकणार असाल तर नुसतं क्विक फॉरमॅट पुरेसं नाही, त्यानंतरही माहिती परत काढता येते. हार्ड डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करा. एसएसडीसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरा.

भाग बाहेर काढताना घाई नको

सगळी काळजी घेऊनही नुकसान होतं ते बऱ्याचदा शेवटच्या पाच मिनिटांत.

बोर्डवर ओल असली तरी वीज नसताना गंज हळूहळू चढतो. पण ओल्या बोर्डला वीज दिली की दोन पट्ट्यांमधून नको तिथे प्रवाह वाहू लागतो आणि काही क्षणांत चिप जळू शकते. म्हणून पावसाळ्यात माळ्यावरून काढलेला भाग लगेच लावू नका. तो एसी चालू असलेल्या किंवा कोरड्या खोलीत दिवसभर राहू द्या, मऊ ब्रशने धूळ काढा, पट्ट्या पुसा आणि मगच जोडा.

डबा एसीच्या थंड खोलीत असेल आणि बाहेर दमट हवा असेल तर उलट काळजी घ्या. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी जमतं, तसं थंड बोर्डवरही जमतं. डबा बंदच ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आणि जे ठेवायचं नाही, त्याचं काय?

ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचंच नोंद असलेलं, रीतसर पुनर्चक्रीकरण झालं. ई-कचरा तयार करण्यात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो.

भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्यामुळे बोर्ड आणि बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नका. कंपनीच्या संकलन सेवेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला द्या. तांबं काढण्यासाठी उघड्यावर जाळलेल्या वायरींचा धूर शेवटी याच हवेत मिसळतो.

माळ्यावरचा खोका या रविवारी खाली काढून बघा. बॅटऱ्या सगळ्यात आधी बाजूला करा. मग जे चालतं ते चंदेरी पिशवीत आणि हवाबंद डब्यात जाऊ द्या. एक रॅम जरी वाचली, तरी पिशवी, डबा आणि जेलचा खर्च वसूल होईल.